वाचनालयाच्या शंभरीची फिल्म: टाइमलाइन आणि कीफ्रेमशी झालेली ओळख

३० मार्च २०२५ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, आमच्या गावच्या वाचनालयाला शंभर वर्षं झाली. त्या कार्यक्रमात चौदा मिनिटांची एक फिल्म दाखवली, ती मी एडिट केली. मी अकाउंट्सचं काम करते, व्हिडिओ एडिटिंगशी त्याआधीचा संबंध म्हणजे मुलांच्या स्नेहसंमेलनाचे तुकडे मोबाइलवर कापून नातेवाइकांना पाठवायचे एवढाच. कार्यक्रमानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की आमच्या शाळेचं, पतसंस्थेचं, देवस्थानचं पण असं काही करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून जे जसं घडलं तसं लिहितेय, कागदपत्रांसकट, कारण बराचसा वेळ त्यातच जातो आणि ते कोणी आधी सांगत नाही.

विषय निघाला २०२४ च्या दिवाळीनंतर. कार्यवाह काका म्हणाले, "बाहेरून करून घ्यायची तर परवडायची नाही आपल्याला, तू बघतेस का?" मी हो म्हटलं, पण आधी ठराव करा म्हणून सांगितलं. आमच्याकडे कार्यकारी मंडळात निम्मे शिक्षक आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, त्यामुळे सगळे इलेक्शन ड्यूटीच्या ट्रेनिंगला, सभा लागली थेट १ डिसेंबरला. ठरावात तीन गोष्टी लिहून घेतल्या: जुने फोटो आणि रजिस्टरं स्कॅन करायची परवानगी, १५,००० रुपयांपर्यंत खर्च, आणि स्कॅन व फिल्म दोन्हीचा हक्क वाचनालयाचा. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. लोकांच्या घरी जुने फोटो मागायला गेलं की पहिला प्रश्न असतो "हे कशाला पायजे आणि कोणाला पायजे", तेव्हा तो कागद दाखवला की कपाटं उघडतात. शिवाय वाचनालय शासनमान्य, अनुदान घेणारं, ऑडिट होतं, म्हणजे प्रत्येक बिल संस्थेच्या नावावरच हवं. हार्ड डिस्कसाठी दोन दुकानांची दरपत्रकं जोडावी लागली.

डिसेंबर पूर्ण स्कॅनिंगमध्ये गेला. कोकणातली हवा, त्यामुळे फ्रेममधले कितीतरी फोटो काचेला चिकटलेले. चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, वरचा थर काचेवरच राहतो. असे फोटो काचेसकट स्कॅन केले, बाकीचे फ्रेमवाल्याकडून सोडवून घेतले आणि परत बसवून घेतले, त्याचे २,२०० रुपये झाले. स्कॅनर वाचनालयाचाच होता, साधा ए-फोर.

इथे एक हिशोब आधीच करून ठेवा कारण पुढे कीफ्रेमचं, म्हणजे फोटो पडद्यावर हळूहळू हलवायचं, सगळं ह्यावर अवलंबून आहे. चार बाय सहा इंचाचा फोटो ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला तर तो १८०० बाय १२०० पिक्सेल होतो. फिल्म आपण फुल एचडीत करणार, म्हणजे १९२० बाय १०८०. म्हणजे फोटो पडद्याच्या रुंदीलाच पुरत नाही, त्यात अजून झूम केलं की चेहरे पुसट. तोच फोटो ६०० ला स्कॅन केला की ३६०० बाय २४००, आता पावणेदोनपटीहून थोडं जास्तच आत जायला जागा आहे. आणि आठ बाय दहाचा मोठा ग्रुप फोटो ६०० ला ६००० बाय ४८०० होतो, त्यात चाळीस माणसं असली तरी एकेकाच्या चेहऱ्यापर्यंत जाता येतं. स्कॅनिंगला वेळ जास्त लागतो, फायली जड होतात, तरी फोटो ६०० ला घ्याच. रजिस्टरची पानं ३०० ला घेतली, ती पुरतात.

सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्हची फुकटवाली आवृत्ती घेतली. फुकट असली तरी वॉटरमार्क येत नाही आणि आपल्यासारख्यांना लागणारं सगळं त्यात आहे. लॅपटॉप मात्र जरा दमदार लागतो, मी भाच्याचा गेम खेळायचा लॅपटॉप मागून आणला, १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. साधा लॅपटॉप असेल तर केडेनलाइव्ह बघा, तेही फुकट आहे, कमी ताकदीच्या मशीनवर चालतं, आणि खाली जे लिहितेय त्यातलं बहुतेक तिथेही लागू पडतं, बटणं तेवढी वेगळ्या जागी.

पहिल्यांदा उघडलं की घाबरायला होतं. खाली सात पानांची नावं, वर दोन खिडक्या, मध्ये पट्ट्याच पट्ट्या, ती टाइमलाइन, जिथे क्लिपा क्रमाने लावायच्या. मी ठरवलं की फक्त एडिट नावाच्या पानावर राहायचं आणि शेवटी फिल्मची फाइल काढायला डिलिव्हरवर जायचं, बाकीची पाच पानं आहेत हे विसरून जायचं. हे ठरवल्यावर खूप हलकं वाटलं. फ्यूजन वगैरे इफेक्टच्या पानांचे व्हिडिओ यूट्यूबवर भारी दिसतात पण गावच्या वाचनालयाच्या फिल्मला त्यातलं काही लागत नाही.

पहिली क्लिप टाकायच्या आधी एकच सेटिंग बघायचं, प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमलाइन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं). एकदा क्लिपा टाकल्या की तो त्या प्रोजेक्टसाठी बदलता येत नाही, म्हणून हे आधी. मी २५ ठेवला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटखाली ३० फ्रेमला शूट केलं तर पडद्यावर लुकलुक दिसू शकते, २५ ला आणि शटर एक-पन्नासांश ठेवलं की दिसत नाही. मोबाइलवर हे करायला प्रो मोड किंवा वेगळं कॅमेरा ॲप लागतं. आणि मोबाइलचं साधं रेकॉर्डिंग बऱ्याचदा सेकंदाला किती फ्रेम हे मध्येच बदलत राहतं, लांब मुलाखतीत आवाज आणि ओठ हळूहळू सुटत जातात, म्हणून सगळ्या क्लिपा आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घेतल्या. रात्री लावून झोपायचं, सकाळी तयार. लाइट गेली नाही तर.

मुलाखती जानेवारीत केल्या. ९५० रुपयांचा कॉलर माइक घेतला आणि सांगते, ह्या सगळ्यात सर्वात कामाची खरेदी ती. पंखा बंद, खिडकी बंद, मिक्सर चालू नाही ना हे बघायचं. सगळ्यात जुन्या वाचक आजी ८६ वर्षांच्या, त्यांनी सांगितलं, "मी लग्न होऊन आले तेव्हा बायका वाचनालयात जात नसत गो. पुस्तक घरी यायचं, कार्यवाहांची धाकटी बहीण पिशवीतून आणून द्यायची." हे ऐकलं आणि मला फिल्म कळली. तोपर्यंत माझ्या डोक्यात स्थापना, इमारत, अध्यक्ष, देणगीदार अशी रांग होती.

आणि ह्याच्यामुळेच कामाचा क्रम ठरला. टाइमलाइनवर आधी आवाज. फोटो नाही, नावं नाहीत, संगीत नाही. ए-वन ट्रॅकवर, म्हणजे आवाजाच्या पहिल्या पट्टीवर, फक्त मुलाखतींचे तुकडे एकामागे एक लावले आणि डोळे मिटून ऐकलं. चित्राशिवाय ऐकताना जिथे कंटाळा आला तिथे फिल्मही कंटाळवाणीच होणार, वर कितीही फोटो हलवले तरी. साडेतीन तासांच्या बोलण्यातून आधी अठरा मिनिटं काढायला जवळजवळ अख्खा जानेवारी गेला. नोकरी सांभाळून रात्रीचं काम, त्यामुळे घाई करता येत नव्हती आणि ते बरंच झालं.

टाइमलाइनवर वावरायला थोडी बटणं हाताला बसली की भीती जाते. जे-के-एल ह्या तीन की म्हणजे मागे, थांब, पुढे, एल दोनदा दाबलं की दुप्पट वेगाने, मुलाखती ऐकायला फार उपयोगी. बी दाबलं की ब्लेड, क्लिप कापायची, आणि कापून झालं की लगेच ए दाबून परत साध्या बाणावर यायचं. एन म्हणजे चिकटणं, ते चालू असलं की क्लिपा एकमेकींना बरोबर चिकटतात, मध्ये एका फ्रेमचं काळं भोक राहत नाही. शिफ्ट-झेड दाबलं की अख्खी टाइमलाइन एका नजरेत. एम दाबून मार्कर लावायचा आणि त्याला नाव द्यायचं, मी "पिशवी", "पूर १९८३", "नवीन इमारत" अशी नावं दिली होती, नंतर शोधाशोध वाचली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिलीट आणि बॅकस्पेस ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅकस्पेसने क्लिप जाते आणि जागा रिकामी राहते, डिलीटने क्लिप जाते आणि पुढचं सगळं मागे सरकतं. एकदा चित्रं बसवायला लागलात की डिलीट जपून. जो ट्रॅक पक्का झाला त्याला कुलूप लावून ठेवायचं, ट्रॅकच्या डोक्यापाशी छोटं कुलूप असतं. अजून एक, टाइमलाइनचं घड्याळ एक तासापासून सुरू होतं, ०१:००:००:००, ते बघून गोंधळू नका, तो तास तुमच्या फिल्मचा नाही, तशी पद्धत आहे.

आता कीफ्रेम. मला वाटतं लोक इथेच अडतात आणि सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर.

कीफ्रेम म्हणजे ह्या क्षणाला हा आकडा, एवढंच. दोन खुंट्या ठोकल्या की मधली दोरी सॉफ्टवेअर ताणून देतं. फोटोची क्लिप निवडा, उजवीकडे इन्स्पेक्टर उघडा, त्यात ट्रान्सफॉर्मखाली झूम, पोझिशन वगैरे, प्रत्येकापुढे छोटा डायमंड. प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवर आपण कुठे आहोत ते दाखवणारी उभी रेघ, जिथे हालचाल सुरू व्हायला हवी तिथे न्या, डायमंड दाबा, तो रंगीत होतो, म्हणजे पहिली खुंटी. आता प्लेहेड पुढे नेऊन झूमचा आकडा बदला, दुसरी खुंटी आपोआप पडते. डायमंड न दाबता आकडा बदलला तर अख्ख्या फोटोचा आकार बदलतो, हालचाल होत नाही. डायमंडच्या दोन्ही बाजूंना छोटे बाण आहेत, आधीच्या किंवा पुढच्या कीफ्रेमवर उडी मारायला, नंतर दुरुस्ती करताना त्या बाणांनीच जायचं. माउसने अंदाजाने प्लेहेड नेलं आणि एक-दोन फ्रेम अलीकडे थांबलं, तर आकडा बदलल्यावर जुनी खुंटी सुधारत नाही, तिच्या शेजारी तिसरी पडते आणि फोटोला हिसका बसतो. कुठे फोटो विनाकारण दचकतोय असं वाटलं तर आधी हेच तपासा. क्लिपच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक बारकं चिन्ह असतं, ते दाबलं की सगळे कीफ्रेम टाइमलाइनवरच क्लिपखाली ठिपक्यांसारखे दिसतात, जादाचा तिथे पटकन सापडतो.

झूम आणि पोझिशन दोन्ही बदलायचं असेल तर दोन्हींना खुंट्या हव्यात. ट्रान्सफॉर्म ह्या शीर्षकाच्या ओळीतच एक डायमंड आहे, तो दाबला की सगळ्यांना एकदम पडते. मी तेच वापरत होते.

पहिल्या आठवड्यात माझे सगळे फोटो हलत होते. तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण बघताना अस्वस्थ व्हायला होत होतं, आणि का ते कळायला आजींचाच तुकडा परत ऐकावा लागला. त्या बोलतात तेव्हा वाक्याआधी थांबतात, वाक्यानंतर थांबतात. फोटो मात्र पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत सरकतोय, बघणाऱ्याला तो फोटो आधी धड दिसू तर दे. मग असं ठरवलं की आठ सेकंदांचा फोटो असेल तर पहिले दीड सेकंद स्थिर, मधले पाच सेकंद हालचाल, शेवटचे दीड सेकंद परत स्थिर. म्हणजे पहिला कीफ्रेम क्लिपच्या सुरुवातीला नाही, दीड सेकंद आत. झूम एक वरून फक्त १.१२ पर्यंत. एवढंसं वाटतं पण मोठ्या पडद्यावर पुरतं. आणि कीफ्रेमवर उजवी क्लिक करून इज इन अँड आउट लावायचं, म्हणजे हालचाल अलगद सुरू होते आणि अलगद थांबते.

आणि बऱ्याच फोटोंना कीफ्रेम लावलाच नाही. संस्थापकांचा एकट्याचा फोटो आहे, पगडीतला, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारा, त्याला हलवायचं काय कारण? तो सहा सेकंद तसाच ठेवला. फोटो कधी हलवायचा ह्याचं उत्तर आवाजात असतं असं माझं ठाम मत झालंय: बोलणारा माणूस फोटोतल्या कशाकडे तरी बोट दाखवतोय का? दाखवत असेल तर तिकडे जा. नसेल तर राहू दे.

बोट दाखवण्याचं सगळ्यात मोठं काम १९६२ च्या ग्रुप फोटोत होतं. चार रांगा, आणि माजी ग्रंथपाल एकेकाचं नाव घेतायत. तिथे एक युक्ती लागते. चेहऱ्यावर जाऊन थांबायचं असेल तर थांबण्यासाठीसुद्धा दोन कीफ्रेम लागतात, दोन्हींत आकडा तोच. चेहऱ्यावर पोचल्याचा एक, मग प्लेहेड दोन सेकंद पुढे नेऊन काहीही न बदलता नुसता डायमंड दाबायचा तो दुसरा, आणि त्यानंतर पुढच्या चेहऱ्याकडे. हा दुसरा नसेल तर पोचल्या पोचल्या फोटो पुढे सरकायला लागतो. पाच चेहरे म्हणजे दहा खुंट्या. सगळ्या चाळिसांकडे गेले नाही, ज्यांच्याबद्दल नावापलीकडे एखादं वाक्य होतं तेवढ्यांकडेच गेले. आडवी हालचाल सावकाश ठेवा, २५ फ्रेममध्ये जोरात सरकवलं की चेहरे थरथरल्यासारखे दिसतात.

दाखल नोंदवहीचं पान माझं आवडतं. १९२५ च्या नोंदी, काही मोडी लिपीत, त्या एका जाणकारांनी वाचून दिल्या, पैसे घेतले नाहीत. उभं पान आडव्या पडद्यात बसवलं की दोन्हीकडे काळं राहतं, म्हणून झूम साधारण अडीच केलं, आता पानाची रुंदी पडद्याला भरते आणि उंचीचा एक तुकडाच दिसतो. मग फक्त पोझिशनमधल्या वायला (वर-खाली) कीफ्रेम, वजा आठशेच्या आसपास सुरू करून अधिक आठशेपर्यंत, की पान वरून खाली वाचल्यासारखं सरकतं. हे मात्र सरळ एकसारख्या वेगाने ठेवलं, इज फक्त दोन टोकांना. किती सेकंद द्यायचे हे ठरवायला मी नोंदी मोठ्याने वाचल्या आणि तेवढा वेळ दिला.

डायनॅमिक झूम नावाचं एक तयार बटण आहे, हिरवा चौकोन म्हणजे सुरुवात, लाल म्हणजे शेवट, कीफ्रेम लागतच नाहीत. घाई असेल तर चालेल, आणि क्लिप लांब-आखूड केली तरी ते आपोआप जुळवून घेतं, पण मध्ये थांबता येत नाही. मी शेवटच्या देणगीदारांच्या फोटोंना तेच वापरलं.

हा लांब-आखूडचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कीफ्रेम फोटोच्या त्या फ्रेमला बांधलेले असतात. क्लिपचं डोकं कापलं तर तिथले कीफ्रेम नजरेआड जातात आणि फोटो मध्येच कुठूनतरी सुरू होतो. म्हणून लांबी पक्की होईपर्यंत कीफ्रेमला हात लावायचा नाही. आधी आवाज, मग फोटोंच्या लांब्या, मग मंडळाची मंजुरी, आणि मग हालचाल. मंजुरी मी मुद्दाम मध्ये लिहिलीय.

१६ फेब्रुवारीला स्थिर फोटोंची कच्ची फिल्म कार्यकारी मंडळाला दाखवली. सूचना लेखी घेतल्या, प्रत्येकीसमोर मिनिट-सेकंद लिहून. तुम्हीही तसंच करा, तोंडी सूचनांचा हिशोब लागत नाही. माजी अध्यक्षांचे फोटो कार्यकाळाच्या क्रमाने हवेत, एका देणगीदाराच्या नावात "कै." लावायचं राहिलंय, इमारतीचं बांधकाम जरा जास्त दाखवा, अशा रास्त सूचना होत्या. एका सदस्यांचं म्हणणं पिशवीचा किस्सा काढा, संस्थेच्या इतिहासात तो कशाला. मी काही बोलायच्या आधी ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "सर, आपल्या देवघेव रजिस्टरात बायकांची नावं सापडतात ती १९५० नंतरची. त्याआधी बायका वाचतच नव्हत्या असं लोकांना वाटायला नको." किस्सा राहिला.

सुधारलेली आवृत्ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात तयार होती पण अंतिम मंजुरीच्या सह्या अडकल्या, कारण शिमगा. १३ मार्चला होळी, त्यानंतर पालखी घरोघर, मुंबईचे चाकरमानी आलेले, मंडळातला कोणी माणूस जागेवर सापडत नाही. कोकणात मार्चमध्ये काही ठरवत असाल तर हे आठवडे धरूच नका. मी तेवढ्यात कीफ्रेमचं काम उरकलं. एकसारख्या फोटोंसाठी एकावर हालचाल बसवायची, कंट्रोल-सी, मग बाकीचे निवडून ऑल्ट-व्ही, म्हणजे पेस्ट ॲट्रिब्यूट्स. त्यात विचारतं की कीफ्रेमचं टायमिंग तसंच ठेवू की क्लिपच्या लांबीप्रमाणे ताणू. वेगवेगळ्या लांबीच्या फोटोंना ताणूच बरं पडतं.

संगीतावरून थोडी चर्चा झाली. मंडळाला एक प्रसिद्ध अभंग हवा होता, तुकोबांचाच आहे, कोणाची परवानगी कशाला? शब्द कोणाचेही नाहीत हे खरं, पण रेकॉर्डिंग कंपनीचं असतं, आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं राहतो, आणि चालीचा हक्क वेगळा. फिल्म यूट्यूबवर टाकायची तर लगेच कॉपीराइटचा क्लेम येऊ शकतो. मग गावातल्याच पेटी आणि तबलेवाल्या दोघांना बसवून वाचनालयाच्या हॉलमध्येच पारंपरिक चालीवर वाजवून घेतलं, २,००० रुपये मानधन, व्हाउचरवर सही, आणि रेकॉर्डिंग वापरायला संमती आहे असं दोन ओळींचं पत्र. फार सुंदर वाजवलं त्यांनी.

कीफ्रेम आवाजालाही असतात आणि खरं तर तिथे ते जास्त कामाचे आहेत. ऑडिओ क्लिपवर एक आडवी रेघ असते, ऑल्ट दाबून तिच्यावर क्लिक केलं की ठिपका पडतो. बोलणं सुरू व्हायच्या आधी दोन ठिपके, संपल्यावर दोन, मधली रेघ खाली ओढली की संगीत बोलण्याखाली दबतं आणि नंतर वर येतं. मी वजा अठरा ते वीस डेसिबलपर्यंत खाली नेत होते. आमचे बरेच प्रेक्षक सत्तरीपुढचे, त्यांना बोलणं स्वच्छ ऐकू येणं सगळ्यात महत्त्वाचं. उतरण एक सेकंदाची ठेवा, झटक्यात उतरवलं की लगेच कळतं.

मराठी नावं आणि पाट्या इंकस्केप ह्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्टमध्ये करून पारदर्शक पीएनजी म्हणून वरच्या ट्रॅकवर टाकल्या, जोडाक्षरं एकदा तपासली की कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच राहतात. देणगीदारांची यादी ग्रंथपाल बाईंकडून प्रिंटवर सही घेऊन मगच टाकली. नावांच्या बाबतीत हे कराच.

रेंडर, म्हणजे तयार फिल्मची फाइल काढणं, डिलिव्हर पानावरून, एमपी-फोर, एच २६४, बिटरेट सेकंदाला २०,००० किलोबिट. चौदा मिनिटांची फाइल दोन जीबीच्या आसपास झाली. २३ मार्चला रविवारी हॉलमध्ये प्रोजेक्टरवर लावून पाहिली, आणि हे पाहणं अगदी आवश्यक आहे, कारण लॅपटॉपवर छान दिसणारे फिकट जुने फोटो प्रोजेक्टरवर पार पांढुरके दिसत होते. कॉन्ट्रास्ट वाढवला, पाट्यांचा आकार वाढवला, परत रेंडर. कार्यक्रमाला दोन पेनड्राइव्ह आणि लॅपटॉपमध्ये एक प्रत, आणि इन्व्हर्टरची बॅटरी आदल्या दिवशी तपासलेली.

पाडव्याला हॉल भरला होता. ग्रुप फोटो आला तेव्हा दुसऱ्या चेहऱ्यावर थांबला आणि मागून एक बाई उठून म्हणाल्या, "ते आमचे आप्पा." त्यांच्याकडे आप्पांचा तरुणपणीचा एकही फोटो नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांना तो चेहरा वेगळा काढून पाच बाय सातचा प्रिंट दिला, ६०० डीपीआयचा उपयोग असाही झाला.

खर्च एकूण १२,१५० रुपये: हार्ड डिस्क ६,४००, माइक ९५०, फ्रेमवाला २,२००, वादक २,०००, रिक्षा-झेरॉक्स वगैरे ६००. सॉफ्टवेअर शून्य. बिलं एप्रिलच्या सभेत मंजूर झाली, चेक मे महिन्यात मिळाला. प्रोजेक्ट आर्काइव्ह करून, म्हणजे त्यातल्या सगळ्या फोटो-आवाजासकट, हार्ड डिस्कवर ठेवलाय, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाला तीच टाइमलाइन उघडून पुढचं काम करता येईल. डिस्क आणि माइक दोन्ही जडवस्तू नोंदवहीत चढवले. मुलाखतींचं न कापलेलं रेकॉर्डिंगही त्याच डिस्कवर आहे, आणि ते आता नावाप्रमाणे यादी करून वाचनालयात ऐकायला ठेवायचं असा ठराव २०२५ च्या जूनच्या सभेपुढे होता.